फ्रेस्नोची कॅसेट

मिरजेत वाढलेल्या माणसाला गाणं शोधत जावं लागत नाही, ते आपणहून दाराशी येतं. सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असतात. मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या आठवणीत संगीतसभा होते आणि रस्त्यावरून जाता जाता सूर कानावर पडत राहतात. अशा गावच्या माणसानं, ज्यात सूर लावायचाच नाही असं जणू ठरवून टाकलेलं आहे त्या संगीताबद्दल तुमच्याशी बोलावं, हे जरा गमतीचं आहे. पण कारण तसंच घडलं.

काही वर्षांपूर्वी मी भाच्याकडे कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला गेलो होतो. तिकडे लोक घरातलं जुनंपानं सामान अंगणात मांडून विकतात. शेजारच्या एका वृद्ध बाईंनी असंच सामान मांडलं होतं. त्यात कॅसेटचं एक खोकं होतं. एक डॉलरला पाच. मी सवयीनं खोकं चाळायला लागलो. एका कॅसेटवर कुणीतरी निळ्या पेनानं हातानं नाव लिहिलं होतं : ‘द क्रुसिफाइड’. आपल्या मराठी बायबलच्या भाषेत सांगायचं तर, वधस्तंभावर खिळलेले.

बाई म्हणाल्या, ‘‘माझ्या मुलाच्या आहेत. देवाचीच गाणी आहेत म्हणायचा तो. पण मला त्यातलं एक अक्षर कधी कळलं नाही.’’

भाचा म्हणाला, ‘‘मामू, राहू द्या ती. तुम्हाला ऐकवणार नाही.’’

मी ती घेतली. त्या रात्री भाच्याच्या गॅरेजमधल्या जुन्या टेपवर लावली आणि पहिल्या मिनिटातच आवाज कमी करायला हात पुढे गेला. जणू पत्र्याच्या छपरावर गारा पडताहेत आणि खाली उभा राहून कुणी जिवाच्या आकांतानं कुणाला तरी हाक मारतोय. भाच्याचं म्हणणं खरं होतं. पण त्या बाईंचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. देवाचीच गाणी आहेत आणि आईला एक अक्षर कळत नाही. मग मी या बँडचा माग काढत गेलो. आज त्याचीच हकिगत सांगणार आहे.

आधी फ्रेस्नो. आपण सिनेमात पाहतो तो कॅलिफोर्निया हा नव्हे. इथं समुद्र नाही, हॉलिवूड नाही. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या दरम्यान, आतल्या बाजूच्या रुंद खोऱ्यात वसलेलं हे शेतीभातीचं शहर. सभोवार द्राक्षं, बदाम, कापूस. ऑगस्टच्या अखेरीस द्राक्षाचे घड तोडून वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरून वाळत घालतात. अमेरिकेचा बहुतेक सगळा बेदाणा याच भागात तयार होतो. जात थॉमसन सीडलेस. आमच्या शेजारच्या तासगावची ‘तास-ए-गणेश’ ही याच थॉमसनच्या वेलीतून निवडलेली. त्यामुळे मला ते गाव फार परकं वाटलं नाही. रविवारी चर्च, सोमवारी बाग. आणि अशा कुठल्याही गावात असतात तशी, संध्याकाळी काय करायचं हे न कळणारी मुलं.

या मुलांपर्यंत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एक नवं संगीत पोचलं. त्याचं नाव हार्डकोअर पंक. पंक ही त्याआधी काही वर्षं न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये उभी राहिलेली चळवळ. रॉक संगीत तोवर मोठ्या मंचाचं आणि मोठ्या पैशाचं झालं होतं. पंकवाले म्हणाले, उस्ताद व्हायची वाट कशाला बघायची? गिटारचे तीन कॉर्ड येतात ना, मग उभा राहा आणि वाजव. १९८०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आसपासच्या वस्त्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्याचं आणखी वेगवान, आणखी कडक रूप आलं. ब्लॅक फ्लॅग, मायनर थ्रेट, बॅड ब्रेन्स ही त्यातली ठळक नावं. गाणं बहुधा दीड-दोन मिनिटांत संपतं. गायक गात नाही, ओरडतो. सभागृहात खुर्च्या नसतात. मंच असलाच तर गुडघ्याएवढा. पोरं एकमेकांवर आदळत गोल गोल फिरतात. पण कुणी खाली पडला तर बाकीच्यांनी आधी त्याला उचलायचं, हा तिथला अलिखित नियम. दर्ग्यात कव्वाली ऐकताना एखाद्याला हाल येतो, तेव्हा त्याला सावरणारे दोन हात कुठून तरी पुढे येतातच. ते हात मी लहानपणापासून पाहिलेले आहेत. म्हणून हा नियम मला लगेच समजला.

या चळवळीचं धर्माशी वैर होतं. निदान ख्रिस्ती धर्माशी तरी. सॅन फ्रान्सिस्कोच्या डेड केनेडीज या बँडनं १९८१ साली एक तबकडी काढली. तिच्या मुखपृष्ठावर डॉलरच्या नोटांच्या क्रूसावर चढवलेला येशू आहे. हा राग उगाच नव्हता. तो काळ रोनाल्ड रेगन यांचा. दूरचित्रवाणीवरून प्रवचन करणारे धर्मोपदेशक तेव्हा घराघरांत पोचले होते आणि देणग्यांचा पूर वाहत होता. ज्यांच्या नावानं तो वाहत होता, त्यांना डोकं टेकायला जागा नव्हती, असं बायबलच सांगतं. पंकवाल्या पोरांना ही विसंगती दिसत होती. ती दिसण्यासाठी नास्तिक असायची गरज नव्हती.

आणि नेमकी हीच गोष्ट काही आस्तिक पोरांनाही दिसत होती. कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकाच्या शेवटी हिप्पी मुलं येशूच्या नादी लागली होती. अनवाणी, लांब केसांची ही मुलं चर्चमध्ये गिटार घेऊन शिरली, तेव्हा जुन्या मंडळींच्या भुवया वर गेल्या. या ‘जीझस मूव्हमेंट’मधूनच ख्रिस्ती रॉक जन्माला आलं. पुढे १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसजवळच्या ऑरेंज काउंटीत अंडरकव्हर, ऑल्टर बॉइज अशा ख्रिस्ती बँडनी पंकचा रस्ता धरला. फ्रेस्नोच्या मुलांच्या आधी एवढी पायवाट पडलेली होती.

चर्चनं त्यांना हार घातले असं समजू नका. जिमी स्वॅगर्ट हे त्या वेळचे फार मोठे टीव्ही-धर्मोपदेशक. त्यांनी १९८७ साली धार्मिक रॉकच्या विरोधात एक अख्खं पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हा मेंढराच्या कातड्यातला लांडगा आहे. गंमत अशी, की रॉक अँड रोलचा एक आद्य दंगेखोर, जेरी ली लुईस, हा या स्वॅगर्टसाहेबांचा मावस-चुलत नात्यातला भाऊ. आणि दुर्दैव असं, की पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९८८ मध्ये, स्वतःच्या चारित्र्यावरून स्वॅगर्ट यांना टीव्हीवर रडत क्षमा मागावी लागली. जिम बेकर या दुसऱ्या बड्या उपदेशकाला देणगीदारांना फसवल्याबद्दल १९८९ साली तुरुंगात जावं लागलं. गिटार घेतलेल्या मुलांवर लांडगेपणाचा आरोप झाला तो या दिवसांत.

मला यात परकं काही वाटलं नाही. गाणं हराम की हलाल, हा वाद ऐकतच मी मोठा झालो. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलियांना ‘समा’बद्दल, म्हणजे धार्मिक गाणं ऐकण्याबद्दल, सुलतान गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारी उलेमांसमोर जाब द्यावा लागला होता. ख्रिस्ती जगातही हे नवं नाही. साल्व्हेशन आर्मीचे जनरल विल्यम बूथ इंग्लंडमध्ये दारूच्या गुत्त्यांत गाजणाऱ्या चालींवर भजनं म्हणायला लावत. त्यांची छोटी तुकडी १८८२च्या सप्टेंबरात मुंबईत उतरली, रस्त्यावरून वाजतगाजत निघाली आणि पोलिसांनी त्यांना पकडलं. सरकार ख्रिस्ती, मिरवणूक ख्रिस्ती, तरी अटक. आपल्या अहमदनगरात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं, तो मार्गही वहिवाटीचा नव्हता. प्रत्येक पिढीत देवाला हाक मारण्याची चाल बदलते आणि प्रत्येक पिढीत कुणीतरी दाराशी उभं राहून विचारतं, ही चाल चालेल का?

आता आपले फ्रेस्नोचे गडी. १९८४ साली तिथल्या काही शाळकरी वयाच्या मुलांनी एक बँड काढला. नाव ठेवलं ‘के.जी.बी.’. शीतयुद्धाचे दिवस होते. सोव्हिएत हेरखात्याचं नाव ऐकून अमेरिकी आईबापांच्या अंगावर काटा यायचा. पोरांनी त्याच अक्षरांचा अर्थ केला : ‘किड्स इन गॉड्स ब्लेसिंग’, देवाच्या आशीर्वादातली मुलं. या थट्टेत पंकही आहे आणि चर्चही. शत्रूचं नाव घ्यायचं, वडीलधाऱ्यांना दचकवायचं आणि मग निरागसपणे सांगायचं, की आम्ही तर देवाचीच लेकरं.

लवकरच नाव बदललं. ‘द क्रुसिफाइड’ झाले. मार्क सॅलोमन गायक, ग्रेग मिनियर गिटारवर, जिम चॅफिन ड्रमवर. बास गिटारवर माणसं बदलत गेली आणि शेवटी जेफ बेल्यू आला. नाव बदललं आणि थट्टाही संपली. वधस्तंभ या मुलांनी गळ्यातला दागिना म्हणून घेतला नाही, स्वतःची ओळख म्हणून घेतला. आमच्या उर्दू शायरीत बगदादच्या मन्सूर हल्लाजला ही जागा आहे. इ. स. ९२२ मध्ये त्याला सुळावर चढवलं, तेव्हापासून ‘दार’, म्हणजे सूळ, हा शब्द शायराच्या हाती आहे. पण आम्ही बहुतेकजण तो शब्द मुशायऱ्यात वापरतो, दाद घेतो आणि घरी जाऊन जेवतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी तो स्वतःचं नाव म्हणून लावला, याचं मला कौतुकही वाटलं आणि थोडी भीतीही. त्या वयात माणूस अतिशय खरा असतो, तसाच अतिशय कठोरही असतो.

त्यांचं पहिलं काम कॅसेटवर झालं. १९८६ साली ‘टेक अप युवर क्रॉस’ आणि १९८७ साली ‘नेल्ड’. पहिल्या नावाचा अर्थ, आपला वधस्तंभ उचल. दुसऱ्याचा, खिळे ठोकलेला. या कॅसेटमागे मोठी कंपनी नव्हती, जाहिरात नव्हती. त्या काळी भूमिगत संगीताचं सगळं दळणवळण पोस्टावर चालायचं. हाती लागलेल्या कॅसेटची घरी नक्कल करायची आणि दुसऱ्या गावच्या मित्राला पाठवायची. झेरॉक्स केलेली, स्टेपलर मारलेली छोटी मासिकं निघायची. त्यांना झीन म्हणत. त्यात पत्ते असायचे. ख्रिस्ती जड रॉकसाठी टेक्सासमधल्या ऑस्टिनहून १९८५ साली ‘हेवन्स मेटल’ नावाचं असंच एक पत्रक सुरू झालं. पुढे त्याचं चांगलं नियतकालिक झालं. त्या बाईंच्या खोक्यात मला मिळालेली, हातानं नाव लिहिलेली कॅसेट ही याच दळणवळणातली असणार. ‘भूमिगत’ म्हटलं की आपल्याला बेचाळीसचा लढा आठवतो. इथं कुणी पोलिसांपासून लपत नव्हतं. ज्या रस्त्यानं माल दुकानात जातो तो रस्ता बंद असल्यामुळे शोधलेली ही आडवाट होती.

ही मुलं साधारण माझ्याच वयाची. ती फ्रेस्नोत कॅसेटच्या नकला काढत होती, तेव्हा आम्ही चार मित्र मिरजेत सायक्लोस्टाइल करून एक अनियतकालिक काढत होतो. शाई हाताला लागायची, अंक निम्मे फुकट जायचे. त्या अंकात माझी पहिली मराठी कविता आली. ती घेऊन मी एका संपादकांकडे गेलो. त्यांनी कविता वाचली, चष्मा काढला आणि प्रेमानं म्हणाले, ‘‘छान आहे. पण तुम्ही उर्दूत का लिहीत नाही? तिकडे तुमच्याकडे मोठी परंपरा आहे.’’ मी घरी आलो. आमच्या वस्तीतले एक बुजुर्ग, मला लहानपणी अलिफ-बे शिकवलेले, म्हणाले, ‘‘बेटा, अच्छा लिखता है सुनते हैं. लेकिन अपनी जबान छोडके उनकी जबान में काहे को?’’ एका दिवसात मला दोन दारांतून दुसऱ्या दाराकडे बोट दाखवलं गेलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. दोघंही प्रेमानंच बोलले. मला आजही वाटतं, शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

द क्रुसिफाइडसारख्या बँडची गत हीच होती. चर्चला हा आवाज सैतानाचा वाटायचा आणि पंकच्या मंडळींना ही मुलं शत्रूच्या गोटातली वाटायची. एक गोष्ट मात्र मला आधी नीट कळली नव्हती, ती सांगतो. हार्डकोअर पंकला धर्म अजिबात चालत नव्हता असं नाही. वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स रास्ताफारी पंथाचे. ते तर या संगीताचे आद्य पुरुष. न्यूयॉर्कच्या क्रो-मॅग्सच्या १९८६च्या अल्बमचं नाव ‘द एज ऑफ क्वॉरल’, म्हणजे आपलं कलियुग. ते हरे कृष्ण मंडळींकडून आलेलं. १९९०च्या सुमारास रे कॅपो या गायकानं ‘शेल्टर’ हा बँड काढला. तो तर सरळ कृष्णभक्तीच गात होता. जपमाळ घेतलेले पंक पाहून कुणी नाकं मुरडली असतील, पण एकूण त्यांना जागा मिळाली.

मग ख्रिस्ती पोरांवरच संशय का? याचं उत्तर असं, की जमैकाचा आणि वृंदावनचा देव हा त्या मुलांच्या बापाचा देव नव्हता. येशू होता. तो घरात होता, शाळेत होता, डॉलरच्या नोटेवर होता. अमेरिकेत ख्रिस्ती असणं म्हणजे सत्तेच्या बाजूला असणं, असं पंकचं गणित होतं आणि ते फारसं चूकही नव्हतं. त्यामुळे या मुलांना दुहेरी सिद्धता द्यावी लागली. घरच्यांना सांगायचं, की हा आवाज माझा आहे तरी मी तुमचाच आहे. बाहेरच्यांना सांगायचं, की हा देव माझा आहे तरी मी त्या दुकानदारांचा नाही.

इथं माझं त्यांच्याशी नातं जुळतं आणि इथंच ते तुटतंही. मी इथं अल्पसंख्य आहे, ते तिथं बहुसंख्यांची मुलं. माझ्या नावावरून घर भाड्यानं मिळेल की नाही हे ठरू शकतं. त्यांच्यावर ती वेळ नव्हती. त्यांच्या दुःखाला माझं दुःख म्हणणं लबाडी होईल. पण बहुसंख्यांच्या घरात जन्मून, त्याच घरातल्या देवाला सत्तेपासून वेगळा काढायचा, हेही काम सोपं नाही. कदाचित ते बहुसंख्यांच्या मुलांनीच करायचं काम असतं. ते आम्ही त्यांच्यासाठी करू शकत नाही.

१९८९ साली बँडचा पहिला पूर्ण अल्बम आला, नाव बँडचंच. नॅरोपाथ नावाच्या छोट्या कंपनीनं तो काढला. नॅरोपाथ म्हणजे अरुंद वाट, हेही बायबलमधलंच. १९९१ साली ओशन रेकॉर्ड्सतर्फे ‘द पिलर्स ऑफ ह्युमॅनिटी’ आला. तोवर त्यांच्या हार्डकोअरमध्ये थ्रॅश मेटलचं पाणी मिसळलं होतं. गिटार जास्त जड, जास्त कसलेली. सॅलोमनचा आवाज अजून ओरडणाराच, पण त्यात शब्द ऐकू यायला लागले होते. कॅसेटमध्ये नुसता वेग होता, इथं वजन आलं. मी दोन्ही ऐकले. समीक्षक दुसरा चांगला म्हणतील. मला मात्र पहिल्या कॅसेटचा कच्चेपणा जवळचा वाटतो. आपल्या पहिल्या कवितासंग्रहाबद्दल वाटतं तसा.

आणि १९९३ साली बँड संपला. दोन अल्बम, काही कॅसेट आणि नऊ वर्षं.

आता नियतीचा खेळ बघा. त्याच वर्षी, १९९३ च्या नोव्हेंबरात, ब्रँडन एबेल या तरुणानं कॅलिफोर्नियात ‘टूथ अँड नेल’ नावाची कंपनी काढली. अशा भूमिगत ख्रिस्ती बँडनाच जागा देणारी. पुढे ती सिएटलला गेली आणि तिनं या आडवाटेचा हमरस्ता केला. द क्रुसिफाइडच्या जुन्या कॅसेटही तिनं पुन्हा काढल्या. तिची जड संगीताची शाखा सॉलिड स्टेट. याच घरातल्या अंडरओथ या बँडचा अल्बम २००६ साली अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याच्याही आधी सॅन दिएगोच्या पी.ओ.डी. या बँडचा ‘सॅटेलाइट’ अल्बम लाखोंनी खपला. तो दुकानात आला त्या दिवसाची तारीख होती ११ सप्टेंबर २००१. त्या तारखेनं माझ्यासारख्या जगभरच्या माणसांच्या नावांचा उच्चार बदलून गेला. तिकडे त्याच दिवसांत देवाचं नाव घेणारी ही जड गाणी घराघरांत वाजत होती. मी कुणाला दोष देत नाही. फक्त दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो.

दार उघडलं तेव्हा दार ठोठावणारे निघून गेले होते, असं म्हणून हळहळायचा मोह मला झाला होता. पण उघडलेल्या दाराची हकिगतही ऐकायला हवी. अमेरिकेत ख्रिस्ती पुस्तकांची वेगळी दुकानं होती आणि त्यात ख्रिस्ती संगीताचं वेगळं फडताळ. एकदा त्या फडताळात जागा मिळाली, की माल हमखास खपायचा. आई मुलाला निर्धास्तपणे तो अल्बम घेऊन द्यायची. पण मग बँडचं काम संगीत करण्याइतकंच फडताळाला शोभेल असं वागणं हेही होऊन बसलं. काहींची श्रद्धा संपली तरी लेबल राहिलं. अंडरओथनंच २०१८ साली ‘इरेज मी’ काढताना, आपण आता ख्रिस्ती बँड नाही, हे उघडपणे सांगितलं. ज्यांना ते खरोखर प्रिय होते त्यांना धक्का बसला. पण लेबल खोटं ठेवण्यापेक्षा हे बरं.

द क्रुसिफाइडचे मार्क सॅलोमन आणि जेफ बेल्यू यांनी पुढे ‘स्टेव्हसेकर’ हा नवा बँड काढला. त्याचा पहिला अल्बम १९९६ साली आला, तोही टूथ अँड नेलकडूनच. हे संगीत संथ, गुंतागुंतीचं आणि स्वतःला प्रश्न विचारणारं. सॅलोमन इथं गायला लागला, खरोखर गायला. ‘सिम्प्लिसिटी’ नावाचं एक पुस्तकही त्यानं लिहिलं. पहिल्या बँडच्या नावात उत्तर होतं. दुसऱ्या बँडमध्ये प्रश्नांना जागा झाली. माणूस मोठा होतो तो असा.

फडताळाचा हा प्रश्न मला नवा नव्हता. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी विशीत होतो. वेगळी चूल कशाला, असं काहींनी विचारलं. चुलीवर आमचं भांडं कुणी ठेवत नव्हतं, म्हणून वेगळी चूल. हे उत्तर तेव्हाही खरं होतं, आजही मला ते खरं वाटतं. पण त्यानंतर एक गोष्ट घडली. कुठल्याही कविसंमेलनात माझी ओळख ‘आपले मुस्लिम मराठी कवी’ अशी व्हायला लागली. ईदच्या आसपास बोलावणी वाढायची. दंगल झाली की एकात्मतेवर कविता मागितली जायची. पावसावर, बायकोच्या आजारपणावर, मिरज जंक्शनच्या गाड्यांवर लिहिलेल्या माझ्या कविता वहीत पडून राहायच्या. ज्या नावासाठी भांडलो, त्या नावाच्या फडताळात मला ठेवून दिलं गेलं. म्हणजे दार बंद असणं हे एक दुःख आणि दार उघडून आत एकाच खुर्चीवर बसवून ठेवणं हे दुसरं. पहिल्या दुःखावर गाणं करता येतं. दुसऱ्यावर करायला जास्त धैर्य लागतं, कारण तिथं आपल्याला चहाही मिळालेला असतो.

या मुलांचं सगळं निर्मळ होतं असं मला म्हणायचं नाही. ख्रिस्ती हार्डकोअरमध्ये मंचावरून उपदेश फार व्हायचा. मुलींच्या हाती माइक क्वचितच जायचा. स्वतःवर रोखायचं बोट पुष्कळदा समोरच्यावर रोखलं जायचं. सोळाव्या वर्षीची खात्री चाळिसाव्या वर्षीही तशीच राहिली तर ती श्रद्धा की हट्ट, हा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा राहिला. पण त्या कॅसेटमध्ये एक गोष्ट नक्की आहे. ती मुलं कुणाला खूश करण्यासाठी ओरडत नव्हती. चर्चला आवडावं म्हणून त्यांनी आवाज खाली आणला नाही. पंकना आवडावं म्हणून देवाचं नाव खाल्लं नाही.

आमच्यातही असं काही घडलं का, हे मी शोधलं. घडलं, आणि तेही अमेरिकेतच. मायकेल मुहम्मद नाइट या धर्मांतरित अमेरिकी मुसलमानानं ‘द तक्वाकोर्स’ नावाची कादंबरी लिहिली. तक्वा म्हणजे ईशभीती. बफेलो शहरातल्या एका घरात राहणाऱ्या मुसलमान पंक पोरापोरींची ती काल्पनिक गोष्ट. सुरुवातीला तो ती झेरॉक्स काढून वाटत होता. कादंबरी वाचून खऱ्याखुऱ्या मुलांना वाटलं, आपण एकटे नाही. मग खरेच बँड निघाले. बोस्टनच्या बाजूचे ‘द कोमिनाज’ हे त्यातले नावाजलेले. पाकिस्तानी वंशाच्या मुलांनी काढलेला बँड, आणि ‘कमीना’ या आपल्या ओळखीच्या शिवीवरून घेतलेलं नाव. मशिदीत त्यांना दार नव्हतं आणि पंकच्या गर्दीत ११ सप्टेंबरनंतर त्यांच्या नावावरून नजरा वळत होत्या. फ्रेस्नोच्या पोरांची आणि त्यांची श्रद्धा वेगळी, पण उंबरठा तोच.

द क्रुसिफाइड २००९ साली पुन्हा एकत्र आले आणि कॉर्नरस्टोन महोत्सवात वाजले. शिकागोच्या ‘जीझस पीपल’ या एकत्र राहणाऱ्या मंडळींनी १९८४ साली, म्हणजे या बँडच्याच जन्मवर्षी, सुरू केलेला हा महोत्सव. इलिनॉयमधल्या शेतांत तंबू ठोकून तो भरायचा. चर्चमध्ये बसत नाही आणि क्लबातही बसत नाही अशा संगीताला तिथं हक्कानं जागा होती. २०१२ साली तो शेवटचा भरला. म्हणजे तेही दार मिटलं. दारांचं तसंच असतं.

फ्रेस्नोहून निघायच्या आदल्या दिवशी मी त्या बाईंकडे गेलो. कॅसेट ऐकली, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘कळलं का काही?’’

मी म्हटलं, ‘‘शब्द फारसे कळले नाहीत. पण तुमचा मुलगा खरं बोलत होता. देवाचीच गाणी आहेत.’’

त्या काही बोलल्या नाहीत. मग आत गेल्या आणि बेदाण्याची पिशवी घेऊन आल्या. मुलगा आता कुठे असतो, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

ती कॅसेट आता मिरजेत माझ्या टेबलाच्या खणात आहे. टेप बिघडला, दुरुस्त करणारा मिळत नाही. गेल्या उरुसात एक तरुण मुलगा भेटला. मराठीत रॅप करतो म्हणाला. घरचे म्हणतात हे गाणंच नव्हे, आणि बाहेरचे म्हणतात तुम्ही हिंदीत करा, जास्त चालेल. त्यानं मला विचारलं, ‘‘चाचा, काय करू?’’

मी त्याला उपदेश केला नाही. घरी घेऊन आलो, चहा दिला आणि म्हटलं, ‘‘ऐकव.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)